पाठमोरे व्हिडिओ

काठीवर काठी आदळली आणि रांग थांबली. निकितानं मनगट चोळत शेजारी पाहिलं. रांगेतल्या सगळ्यांच्या काठ्या उजव्या हातात होत्या. शेजारच्या राखीची डाव्या.

"अगं, मिरवणुकीत फिरवायचीय," निकिता म्हणाली. "मला जायबंदी करायला नाही."

विहारामागच्या मैदानावर सराव चालला होता. चौदा एप्रिल तोंडावर आला होता आणि पुढच्या रांगेत एक जागा रिकामी होती. ती जागा राखीच्या मोठ्या बहिणीची, उज्वलाची. उज्वला लग्न होऊन विंचूरला गेली, तिथं एका कांद्याच्या शेडमध्ये कामाला लागली, आणि जागा तशीच राहिली. राखीला ती हवी होती. आज भिकन वस्ताद तिला पहिल्यांदा रांगेत बघत होते.

वस्ताद पायरीवरून उठले. "बाकीचे बसा. राखी, एकटी फिरव."

राखीनं फिरवली. काठी मनगटाभोवती वळून पाठीमागं गेली आणि खांद्यावरून पुढं आली. नजर काठीवर नव्हती, समोर होती. मोकळा उजवा हात पोटाशी दुमडलेला होता. एकदा काठी सुटली. राखी वाकली, तिनं काठी उचलली आणि सुटली होती तिथूनच पुढं सुरू केलं.

वस्तादांनी मान हलवली. नवखी मुलं काठी पडली की पुन्हा पहिल्यापासून धरतात. सोपं आणखी पक्कं होतं, अवघड कच्चंच राहतं. ही गोष्ट ते प्रत्येकाला सांगून थकले होते. राखीला त्यांनी अजून काहीच सांगितलेलं नव्हतं.

"तू डावखुरी हाये का?"

"नाही, वस्ताद."

"मग डाव्यानं कुणी शिकवलं?"

"ताईनं. फेब्रुवारीपासून व्हिडिओ पाठवते. ती डाव्यानंच करते."

वस्ताद हसले. "उज्वला? तिला मी शिकवलंय. डाव्या हातानं तिला चहाचा कप धड धरता येत नव्हता. दाखव बरं."

राखीनं मोबाइल पुढं केला. रांग मोडून सगळे गोळा झाले. पडद्यावर एका शेडची भिंत होती आणि तिच्याकडं तोंड करून उज्वला उभी होती. पाठमोरी. त्यात कुणालाच काही वेगळं वाटलं नाही. वस्ताद स्वतःही पाठ करून शिकवायचे, म्हणजे मागच्यांना हात जसाच्या तसा घेता येतो. काठी उज्वलाच्या डाव्या हातात होती. उजवा पुढं, पोटाशी असावा. दिसत नव्हता.

"हे सुरुवातीचं," राखी म्हणाली. पहिल्या व्हिडिओत काठी नुसती धरायची होती. दुसऱ्यात अर्धा वेढा, अगदी सावकाश. काठी सारखी पडत होती. उज्वला ती उचलत होती आणि सुटली तिथून पुढं जात होती.

"एवढी कशी पाडते?" निकितानं विचारलं.

"मुद्दाम. कशी सुटते, ते मला कळावं म्हणून."

"आणि दोन हातांचं?"

"ते नंतर शिकवते म्हणाली."

निकितानं मोबाइल हातात घेतला. "वस्ताद, हे सेल्फी कॅमेऱ्यानं काढलंय. त्यात डावं-उजवं उलटं येतं. उज्वलाताई उजव्यानंच करतेय आणि ही येडी डाव्यानं शिकून बसली."

सगळे हसले. राखीही हसली, पण तिचे कान लाल झाले होते. दोन महिन्यांचा सराव चुकीच्या हातात गेला होता.

"असं होतं," वस्ताद म्हणाले. "पण रांगेत एक काठी उलटी चालली तर कुणाचं तरी डोकं फुटंल. हात बदल. नाय जमलं तर या वर्षी मागं झेंडा धर."

"मी व्हिडिओ सरळ करून देते," निकिता म्हणाली. "आता तिच्यासारखं उजव्यानं कर." तिनं पडद्यावर दोन-तीनदा बोट टेकवलं आणि मोबाइल परत दिला.

आता काठी उज्वलाच्या उजव्या हातात होती. राखीनंही आपली काठी उजव्या हातात घेतली आणि व्हिडिओ चालू केला. लगेच थांबवला. उज्वलाच्या समोरच्या भिंतीवर लाल रंगात काहीतरी लिहिलेलं होतं. ते तिला वाचता येईना. अक्षरं उलटी होती.

तिनं मूळचा व्हिडिओ उघडला. भिंतीवर स्वच्छ लिहिलं होतं: धूम्रपान करू नये.

राखीनं मोबाइल वस्तादांपुढं धरला. त्यांनी दोन्ही व्हिडिओ पाहिले, भिंतीवरची अक्षरं पाहिली, आणि त्यांचं हसू गेलं. "उज्वला घरी कधी आली होती?"

"संक्रांतीला. नंतर नाही. सीझन आहे, सुट्टी मिळत नाही म्हणते."

"लाव फोन."

उज्वलानं लगेच उचलला. "काय गं, घेतलं का रांगेत?"

"ताई, तुझा उजवा हात कुठंय?"

पलीकडं कुणीतरी पोती ओढत होतं. उज्वला बाजूला गेली असावी, तो आवाज कमी झाला.

"पट्ट्यात गेला," ती म्हणाली. "कांदा निवडायच्या मशीनच्या. तीन बोटं गेली. आईला सांगू नकोस, मी येऊन सांगणारे."

शेजारी उभ्या वस्तादांनाही ते ऐकू आलं. मग ते बाकीच्यांकडं वळले. "रांग धरा. एकेक पाऊल उजवीकडं सरका. डावं टोक मोकळं करा. तिथं हिची काठी कुणाला लागायची नाय." राखीच्या उजव्या हातातली काठी काढून त्यांनी ती तिच्या डाव्या हातात दिली.

राखी मोबाइल कानाशी घट्ट धरून उभी होती. "आणि अशा हातानं तू मला शिकवत बसलीस?"

"तुला कुठं शिकवत होते," उज्वला म्हणाली. "मीच शिकत होते. तू बघणार म्हटल्यावर पडलेली काठी उचलावी तरी लागायची."