नकल्या

कधी नव्हे तो थंडीचा पाहुणा खिडकीबाहेरच्या फांदीवर उतरला आणि निवृत्त पोस्टमास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. डोळ्यावर पांढरी रेघ, तांबूस शेपटी, शंकाच नको.

“अगं, नकल्या आलाय! कानावर पडेल तेच गातो, पदरचं काही घालत नाही.”

“मग तुमचं घोरणंच गाईल,” मागे विणत बसलेली बायको म्हणाली. तिच्या सुया टिकटिकत होत्या.

नकल्याने खरंच घोरून दाखवलं. मास्तर पोट धरधरून हसले.

मग त्याने मास्तरांचाच आवाज काढला, पण रडवेला. “अगं, ऊठ ना. डोळे उघड.”

असं मास्तर जन्मात कधी म्हणाले नव्हते.

सुयांची टिकटिक चालूच होती. फक्त आता ती फांदीवरून येत होती.