उजवीकडची उडी

रेवतीने लेकीची मान रॉकेलने चोळून चोळून लाल केली, तरी फीवाढीच्या मोर्चावर सोडलेल्या ड्रोनने मारलेला हिरवा रंग हलला नाही. तो महिनाभर तसाच राहणार होता, आणि असा डाग असला की कॉलेजचं फाटक उघडत नसे.

"तू शिकवलंस तसंच केलं गं आई," ओवी म्हणाली. "डावीकडे वाकले आणि उजवीकडे उडी मारली. ते आधीच उजवीकडे नेम धरून बसलं होतं."

रेवतीचा हात थांबला. ती उडी तिची होती, पेंटबॉलच्या, म्हणजे एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायच्या खेळाच्या, मैदानावरची. ती तरुण असताना दर रविवारी तिथे जत्रा भरायची. मैदान चालवणारी कंपनी बंदुका फुकट द्यायची, कॅमेरा बसवलेली हेल्मेटंसुद्धा. तीन वर्षांनी एकाएकी मैदानाला कुलूप लागलं. लोकांची हौस फिटली, असं कंपनीने सांगितलं.

"हौस कुणाची फिटली ते आज कळलं," ती दातओठ खात म्हणाली. "मेल्यांनी आमच्या उड्या टिपून या यंत्रांना पढवल्या."

तिने पायात चपला सरकवल्या. "मोर्चा अजून चौकातच आहे ना? चल. आज वाकायचं नाही, उडी मारायची नाही. सरळ चालत येणारं माणूस आम्ही त्यांना कधी दाखवलंच नाही."