पाठीचा साचा

"वहिनी, बघवत नसेल तर बाहेर थांबा," शिंत्रे मिस्त्री म्हणाले. त्यांच्या हातात हातोडा होता.

समोर शशांकच्या पाठीचा प्लास्टरचा साचा होता. यानातली प्रत्येक सीट त्या त्या अंतराळवीराच्या पाठीबरहुकूम घडवतात. शशांक पॅराशूटच्या सरावात जिवानिशी गेला. आता त्याच्या जागी दुसरा जाणार, म्हणून जुना साचा फोडायचा, असा नियम.

"घरी नेऊ द्या ना हो," इरावतीने पुन्हा विनवलं.

"नोकरी जाईल माझी."

उजवा खांदा साच्यात जरा खोल रुतला होता. तोच खांदा ती रोज चोळून द्यायची. चपला काढून ती साच्यात पालथी पडली, स्कूटरवर मागून बिलगायची तशी. गाल टेकला. प्लास्टर गार होतं.

"फोडा आता," ती म्हणाली. पण उठली नाही.