मगनचा हात

धुळ्याच्या आमच्या ऑफिसात साहेबांच्या शोकेसमध्ये तळहाताएवढ्या बारा हुबेहूब मोटारी होत्या, आणि त्या चकाकवायला शिपाई मगन. आधी मऊ ब्रशने धूळ, मग मलमलीवर मोहरीएवढं मेण. गाडी धरायची ती चाकांना, रंगाला बोट लावायचं नाही. या सफाईपायी त्याची गावाकडची बदली तीन वर्षं अडली. "साहेब, पोर माले वळखत नही," तो म्हणाला. "मोठी झाली की ओळखेल. असा हात दुसऱ्या कुणाचा आहे?" साहेब हसले. सोमवारी मगनने मुद्दाम लाल मोटार भांड्यांच्या पावडरीने घासली. टपावरचा रंग जाऊन पत्रा दिसला. आता वैतागून तरी सोडतील, म्हणून तो बदलीचा अर्ज घेऊनच उभा राहिला. साहेबांनी मोटार निरखली, अर्ज खणात टाकला. "इतकं पुसल्यावर रंग जायचाच रे," ते मायेने म्हणाले. "आता बाराही तूच रंगव."