माणूस उतरेपर्यंत

शाल्मली पाठीवर सॅक चढवून गडाच्या वाटेला लागली, तशी तिची बिनचालकाची गाडी बोलली, "इथे कॅमेरे नाहीत. मी घरी जाऊन थांबते. फोन केलात की न्यायला येईन."

तेवढ्यात, ज्यांच्या अंगणात गाडी लावली होती त्या पायथ्याच्या कोंडाबाई ढेबेंनी घरातली बाज ओढत आणली, गाडीच्या पुढ्यात टाकली आणि सुपात वालाच्या शेंगा घेऊन वर बसल्या. मागे भिंत, पुढे बाज. समोर माणूस असेल तर असली गाडी हलत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"मावशी, जाऊ द्या ना तिला! इथं कुणी काच फोडली तर?" शाल्मली वैतागली.

"गेल्या साली एकाची गाडी अशीच गेली. अंगण रिकामं बघून मला वाटलं, माणूस गड उतरला. मी दार लावून घेतलं. तो कड्याखाली पडलेला, फोन फुटलेला. चौथ्या दिवशी सापडला. दोन दिवस जिवंत होता म्हणे."

शाल्मली सॅकचा पट्टा आवळून वर निघाली.

"अडथळा दूर करा," गाडी म्हणाली. "तक्रार नोंदवत आहे."

"नोंदव. कोंडाबाई ढेबे. नीट लिही."

"माझ्या सुरक्षिततेची जबाबदारी कोण घेणार?"

"तुझी मी घेते. तिची तू घेतेस का, ते सांग."

गाडीनं जोरात हॉर्न वाजवला. कोंडाबाईंनी बाज आणखी वीतभर पुढे सरकवली आणि वाटेकडे बघत शेंगा सोलायला घेतल्या.