साधी हवा

"भावोजी, इतक्या खोल पाण्यात साधी हवाही माणसाला दारूसारखी चढते. हेलियम मिसळून देऊ?" सिलिंडर भरता भरता मी विचारलं.

"तू मला शिकवू नकोस!" ते खेकसले. मी त्यांच्यासाठी साधी हवा भरली.

पन्नास मीटर खोल जाऊन आम्ही दोघं बोटीवर परतलो. "बघ, डोकं अगदी ठिकाणावर होतं," भावोजी ताईला ऐटीत म्हणाले.

पाण्याखाली लिहायची त्यांची पाटी मी ताईच्या हातात दिली. एका लठ्ठ माशाला दाखवायला त्यांनी त्यावर लिहिलं होतं, 'मेव्हणे, आलाच आहात तर जेवूनच जा.'

"बारा वर्षांत पहिल्यांदाच माझ्या भावाला जेवायला थांबवलंत," म्हणत ताई माझ्याकडे वळली. "यांना पुढच्या वेळीही साधीच हवा भर."