छत्तीस वर्षांचा वाचक

"पावतीवर सही करा बाई, टेम्पो खोळंबलाय," निरीक्षक साहेब म्हणाले.

ग्रंथपाल बाईंनी पेन हातात घेतलं, पण टोपण काढलं नाही. अंगणात वीस नव्या कोऱ्या खुर्च्या उतरवून ठेवल्या होत्या. मुलांची ठेंगणी टेबलं आणि म्हाताऱ्यांच्या, हात असलेल्या खुर्च्या त्याच टेम्पोतून परत जाणार होत्या. एवढ्यावर भागलं नव्हतं. उद्यापासून वाचनालय दुपारी बंद, उघडणार फक्त संध्याकाळी सात ते दहा.

"पण हे कुणासाठी, साहेब?"

"वाचकांसाठी! तुमच्याच नोंदवहीतून काढलंय. चाळीस सभासद, सरासरी वय छत्तीस. म्हणजे भर नोकरीतला माणूस. त्याला दुपारी वेळ नसतो. त्याला चित्रांची पुस्तकं काय करायचीत? आकडे खोटं बोलत नाहीत, बाई."

साहेब नवे होते, हुशार होते आणि मनाने वाईट तर मुळीच नव्हते. म्हणूनच बाईंची पंचाईत झाली. भांडावं तरी कशावरून? त्यांनी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर चाळीस वयांची बेरीज मांडली. एक हजार चारशे चाळीस. भागिले चाळीस. उत्तर छत्तीसच आलं. त्यांनी पुन्हा केली. पुन्हा छत्तीस. हिशेबात खोट नव्हती. पण गेली बावीस वर्षं त्या या टेबलाशी बसत होत्या, आणि हा छत्तीस वर्षांचा गृहस्थ काही केल्या त्यांच्या डोळ्यांसमोर येईना.

"साहेब, दहा मिनिटं द्या," त्या म्हणाल्या आणि त्यांनी सभासदांच्या कार्डांचा खोका लांबलचक टेबलावर उपडा केला. "मी वय वाचते, तुम्ही कार्ड लावा. सगळ्यात लहान डाव्या टोकाला, सगळ्यात मोठं उजव्या. जवळच्या वयाची एकावर एक."

"कशाला पण?"

"लावा तर खरं."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि बाह्या सरसावल्या. सहा. अडुसष्ट. सात. पाच. एकाहत्तर. सहा. चौसष्ट. साहेबांना टेबलाच्या या टोकाहून त्या टोकाला अशा येरझारा घालाव्या लागल्या की सातव्या-आठव्या कार्डालाच त्यांना धाप लागली. डावीकडे चळत चढू लागली. उजवीकडेही चढू लागली. विसाव्या कार्डानंतर साहेबांची चाल मंदावली. चाळिसावं कार्ड ठेवून ते टेबलाच्या मध्यावर येऊन थांबले. तिथे लाकूड होतं. त्यावर थोडी धूळ होती. कार्ड एकही नव्हतं.

"छत्तीस इथे यायला हवा होता," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी त्या जागी बोट ठेवलं.

"आवळा आणि भोपळा एका मोटेत बांधून मोजले, साहेब. मोजमाप बरोबर आहे हो. पण म्हणून मोट सोडल्यावर आतून नारळ थोडाच निघणार?"

तेवढ्यात शेजारची शाळा सुटली. अंगणात एकच गलका झाला. दप्तरं पुढे, पोरं मागे आणि त्यांना न्यायला आलेले आजी-आजोबा सगळ्यांच्या मागे. रोजच्यासारखी सगळी वरात वाचनालयात शिरणार, तो अंगणातल्या नव्या खुर्च्या दिसल्या. मग काय! एक चिमुरडी चढून बसली. तिचे पाय अधांतरी लोंबकळू लागले. एक आजोबा ऐटीत बसले आणि उठताना आधाराला हात शोधू लागले. खुर्चीला हातच नव्हते.

"बाई, आमचे आजोबा अडकले!" नातवाने आरोळी ठोकली.

दोन नातवंडांनी पुढून ओढलं. तरी जमेना. शेवटी निरीक्षक साहेबांनी स्वतः मागून हात घातला आणि आजोबा एकदाचे सुटले. "कुणाच्या मापाची खुर्ची आणली रे ही?" आजोबा कंबर चोळत म्हणाले.

साहेबांनी बाईंच्या पुढ्यातली पावती उचलली, तिची चौपदरी घडी केली आणि खिशात घातली. मग टेम्पोवाल्याला हाक मारली, "अहो, त्या खुर्च्या परत चढवा! जुनं काही न्यायचं नाही." आणि जाताना, दारात अडखळून, "दुपारची वेळही राहू द्या, बाई," एवढं म्हणाले.

पुढच्या सोमवारी चार वाजता साहेब पुन्हा आले. पण या वेळी त्यांच्या हातात फाईल नव्हती. एका हाताला आई होती, दुसऱ्या हाताला मुलगी.

"दोघींना सभासद करून घ्या," ते म्हणाले. "आईचं वय सहासष्ट, हिचं सहा. दुपारभर घरात एकमेकींचं डोकं खातात."

मुलगी कधीच ठेंगण्या टेबलाशी पोचली होती. आजी चष्मा पुसत तिच्या मागोमाग निघाली.

बाईंनी तिसरा अर्ज पुढे सरकवला. "आणि तुम्ही? वय काय तुमचं?"

"माझं? छत्तीस." साहेबांचा फोन वाजू लागला होता. "मला कुठला वेळ, बाई! सहाला येतो न्यायला." आणि दोन-दोन पायऱ्या उतरत ते गेलेसुद्धा.

बाईंनी नोंदवहीत सहासष्ट लिहिलं, सहा लिहिलं, आणि सवयीने पुन्हा भागाकार केला. सरासरी जागची हलली नव्हती. बाईंनी मान वर करून खिडकीबाहेर पाहिलं, तर ती छत्तीसची सरासरी हेल्मेट घालून घाईघाईने फाटकाबाहेर पडत होती.